दादरला ठेवलेले प्रस्थान

शुक्रवार, १० मे १८९५. सकाळचे नऊ वाजून बारा मिनिटे. मुंबईच्या वेळेने, रेल्वेच्या नव्हे.

दादा, त्या क्षणी प्रवास सुरू झाला, असे पंचांग म्हणते. प्रत्यक्षात मी गिरगावात आईच्या हाताखाली लोणच्याच्या कैऱ्या चिरत होते आणि तू दादरला, आत्याच्या नारळीच्या वाडीत, घामाघूम होऊन, हत्यारांची चामडी पिशवी तिच्या हाती देत होतास. परत आलास तेव्हा मी विचारले, "वेळ साधली?" तू म्हणालास, "एक मिनिट आधी पोहोचलो. दारात उभा राहून घाम पुसला आणि मग ग्रहांना मान दिला."

प्रस्थान या प्रकाराविषयी आपला वाद मिटलेला नाही. ज्या दिवशी मुहूर्त असतो त्या दिवशी निघणे सोयीचे नसते, आणि सोयीच्या दिवशी मुहूर्त नसतो. या पेचावर आपल्या लोकांनी काढलेला तोडगा असा की, मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला. माणसाने मग चार दिवसांनी सावकाश जावे आणि वाटेत ती वस्तू उचलून घ्यावी. नियम एकच, पण कडक: ठेवलेले प्रस्थान घरी परत आणायचे नाही. आणले तर वाट तुटते. मी याला ग्रहांना दिलेली लाच म्हणत असे. तू म्हणायचास, "लाच तर लाच. आई रात्री झोपेल ना?"

लोक सुपारी ठेवतात, फार तर एखादे धूतवस्त्र. तू हत्यारांची पिशवी ठेवायची ठरवलीस. "आईला मुहूर्त हवा, तुला हत्यारं हवीत. एकाच पिशवीत दोघींना बांधून टाकतो." मी चिडले होते. आठ दिवस खपून भरलेली ती पिशवी, तिचा असा उपयोग!

मला कोठे जायचे होते हे आता घरात कोणी उच्चारत नाही, म्हणून येथे लिहून ठेवते. घाटावरच्या एका लहान संस्थानात स्त्रियांचा दवाखाना निघत आहे आणि त्याची पहिली डॉक्टर म्हणून माझी नेमणूक झाली आहे. स्टेशन सोडले की पुढे केवळ बैलगाडीची वाट. मृग लागला की ती वाट चार महिने चिखलात बुडते. म्हणून पावसापूर्वी हजर व्हावे, नाहीतर दुसरी बाई पाहू, असे दरबाराने स्वच्छ कळवले होते. स्त्रीशिक्षणावरील व्याख्यानांना टाळ्या घेणाऱ्या आपल्या अण्णांनी होकार दिला तो एका अटीवर. तू बरोबर यायचे आणि वर्षभर तेथे राहायचे. परळच्या गिरणीतील यंत्रशाळेची नोकरी तू एका वाक्यात सोडलीस. मी त्याबद्दल तुझे आभार मानले नाहीत. आभार मानायला वर्ष पडले आहे, असा माझा हिशेब होता.

आणि आपल्या दोन पायगाड्या, म्हणजे बायसिकली. वाड्यावस्त्यांवर अडलेल्या बाईपाशी बैल जुंपून पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, हा माझा मुद्दा. पायगाडी जुंपावी लागत नाही. "आणि वाटेत मोडली की चारा घालूनही उठत नाही," हा तुझा मुद्दा. म्हणून ती पिशवी.

तुझे जुने धोतर गॅलरीत अंथरून आपण सगळी हत्यारे मांडली होती, ते आठवते? मी प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारत होते. हिची गरज किती वेळा पडेल? आणि ही नसली तर खेड्यात हिच्याऐवजी काय मिळेल? दोरी, तार, खोबरेल, मेण हे कोठेही मिळते. ते घ्यायचे नाही. लोहार जे करू शकतो त्याचे हत्यार घ्यायचे नाही. चांभार जे शिवू शकतो त्याची सुई घ्यायची नाही. रबराच्या चकत्या, त्या चिकटवायचा लेप, साखळीचे दोन सुटे दुवे, चाकाच्या तुंब्यातल्या पोलादी गोळ्या यांना मात्र खेड्यात पर्याय नाही, ते आधी.

"आणि लोहार शेजारच्या गावाला लग्नाला गेला असला तर?"

"तर थांबायचे."

"आणि बाई अडलेली असली तर?"

"दादा, सगळ्याच 'तर'ना पिशवीत जागा दिली तर पिशवीलाच बैल लागतील."

तू मोठ्याने हसलास. माझ्या बोलण्यावर असे हसणारे घरात दुसरे कोणी नाही. बाकीचे एक तर कौतुक करतात किंवा गप्प बसतात.

भरण्याची रीत मात्र तुझी होती. माझ्या हाताला ती आता पाठ आहे. जे भर रस्त्यात उभ्याने लागेल ते वर. जे झाडाखाली बसून लागेल ते खाली. लोखंडाला लोखंड लागू द्यायचे नाही. प्रत्येक हत्यार चिंधीत गुंडाळायचे, म्हणजे वाजत नाही आणि वाटेत झिजत नाही. शिवाय चिंध्या हात पुसायला होतात. रबराला तेलाचा स्पर्श नको, म्हणून तेलाचा डबा पिशवीबाहेर, सांगाड्याला वेगळा बांधायचा. हे शेवटचे मी सांगितले होते. तू एक चकती तेलात ठेवून चार दिवसांनी पाहिलीस, ती फुगून मऊ पडलेली निघाली, आणि मग तू ते मान्य केलेस. माझे म्हणणे तपासून मान्य केलेस, याचा मला केवढा आनंद झाला होता!

दोन गोष्टींवर मात्र आपले जमलेच नाही. पहिली, चाकावर चढवायच्या रबरी धावेची. तुला भरीव रबर हवे होते. "काटा लागला तर लागू दे, त्याला आत काय सापडणार आहे?" मी हवेच्या नळीच्या बाजूने होते, कारण खडबडीत वाटेवर हवा धक्का गिळते, भरीव रबर तो बसणाऱ्याच्या पाठीत पोहोचवते. त्या वाटेवर चार महिने पाठीत धक्के खा, मग भरीव रबराची आठवण काढ, मी म्हणाले. आपण दोघांच्याही गाड्यांना हवेच्याच धावा घातल्या. तू पटून घातल्यास की हरून, हे विचारायचे राहिले.

दुसरी, पान्याची. नट फिरवायला मागेपुढे सरकणारा एक पाना पिशवीत होता. तो कोणत्याही मापाला चालतो. त्याशिवाय तुला तू स्वतः यंत्रशाळेत घडवलेला पाना घालायचा होता, जाड, एकाच मापाचा, ओबडधोबड. वजन एक पौंड तीन औंस. सगळ्या पिशवीला मी तीन पौंडांची मर्यादा घातली होती.

"एक पुरे," मी म्हणाले.

"हरवला तर?"

"दोरीने बांधून ठेवू."

"बांधलेली वस्तू हरवत नाही, असं तुला कॉलेजात शिकवलं वाटतं."

मी तो पाना धोतरावरून उचलून बाजूला ठेवला. पिशवी दोन पौंड पंधरा औंस भरली. मला त्या एका वाचलेल्या औंसाचा अभिमान वाटला होता.

त्या चैत्रात दादर-माहीमकडच्या कोरड्या शेतांतून, मिठागरांच्या कडेने, तू मला चालवायला शिकवलेस. मडमांना घागऱ्यासाठी वेगळ्या बांध्याची गाडी लागते. काष्टा घातलेले नऊवारी लुगडे कोणत्याही गाडीवर बसते, हा शोध आपला. बांधावरून मी तोंडघशी पडले त्या दिवशी पाटी घेऊन जाणारी कोळीण थांबली होती. "आगो बाय! चाक मोडला का हाड मोडला?" आणि तू, गाडी उचलत, "चाकाचं विचारा, मावशी. हाड तिचं तिला जोडता येतं." ती पाटी सांभाळत हसत राहिली. मी चिखलात बसून तुला शिव्या दिल्या, आणि मग त्याच बांधावरून परत गेले. तू मागून धरले नव्हतेस. मला वाटत होते, धरले आहेस.

प्रस्थान ठेवून आलास त्या संध्याकाळी आईने तुला फडताळावरची बरणी काढून द्यायला सांगितले. तू आरामात भिंतीला टेकून म्हणालास, "मी सकाळीच गेलो, आई. हा दिसतो तो नुसता चहा प्यायला आलाय." आईने ओचा झटकला. "अभद्र बोलू नये, मेल्या." शनिवारी, रविवारी तू ती थट्टा पुरवून पुरवून वापरलीस. अण्णांनी हाक मारली की, "तो गेला."

सोमवारी पहाटे तुला पटकीचा झटका आला आणि दिवेलागणीपूर्वी तू गेलास. त्या दिवसाविषयी मी येथे लिहिणार नाही. मी काय दिले, केव्हा दिले, हे मला एकदा शांतपणे तपासायचे आहे. अजून तितकी शांत नाही.

सुतकाचे दहा दिवस म्हणजे काय, हे मी यापूर्वी फक्त पाहिले होते. उंबऱ्याबाहेर जायचे नाही. कशाला शिवायचे नाही. आपल्यालाही कोणी शिवायचे नाही. ज्या हातांनी नाडी पाहायची ते हात मांडीत घेऊन बसायचे. खोलीला एक खिडकी, तिच्यातून समोरच्या चाळीच्या खिडक्या. गॅलरीत भिंतीला तुझी पायगाडी टेकलेली. दारात बसले की तिचे पुढचे चाक दिसे. तिची झडप थोडी गळते, हे आपल्याला ठाऊक होते. तू रोज सकाळी पंपाचे चार हात मारायचास. आता धाव रोज थोडी बसू लागली. तिसऱ्या दिवशी तळाशी चपटेपणा दिसला. सातव्या दिवशी लोखंडी कड जमिनीला लागायला आली. तू भरलेली हवा, दादा. मी बघत होते आणि ती जात होती. भरीव रबर असते तर तुझ्यामागे त्या गाडीत काहीच कमी झाले नसते. हा मुद्दा तुला सुचला नव्हता. तुझ्या वतीने मी तो नोंदवते.

शेजारचे काका भल्या मनाने म्हणाले, "पंप दे ग, मी हवा भरतो. गाडी खराब होईल." मी इतक्या मोठ्याने "नको" म्हणाले की ते दोन पावले मागे सरले.

आठव्या दिवशी अण्णांनी निकाल दिला. भिंतीकडे पाहत. व्याख्यानात ते सभेकडे पाहतात. "दरबाराला नकार कळवतो. आता कोणाच्या जबाबदारीवर जाणार?"

"माझ्या," मी म्हणाले.

"तुझी जबाबदारी माझ्यावर आहे, गोदू. तीच कोणावर तरी सोपवायची होती."

हे वाक्य बांधीव आहे. मी त्यात फट शोधली, सापडली नाही. मी परीक्षा पास झाले आहे, माझ्या सहीने विष मिळू शकते, मृत्यूचा दाखला मी देऊ शकते. पण मी कोणावर तरी सोपवायची वस्तू आहे. तू असताना हे खोटे नव्हते, केवळ जाणवत नव्हते. माझे सारे स्वातंत्र्य तुझ्या होकारावर उभे होते. तू ते ओळखून होतास काय? ओळखून गप्प राहिलास काय? याचा राग कोणावर करावा, हे मला समजत नाही, आणि तू समोर नसल्यामुळे तो तुझ्यावरच होतो.

आई फक्त एवढेच म्हणाली, "ते पस्तान समुद्रात सोडायला सांगा. तो गेला त्याच्याबरोबर त्याचं पस्तानही गेलं."

तेव्हा मला कळले की तुझी थट्टा तिने विसरलेली नाही. तिच्या मते तू खरोखरच शुक्रवारी निघालास. पिशवी दादरला थांबली आणि तू थांबला नाहीस.

अकराव्याचे विधी आटोपल्यावर दादरची आत्या आली. तिचे बोलणे तुला माहीत आहे. आधी बसते, पाणी पिते, रडते, आणि मग डोळे पुसून भांडते. अण्णांनी समुद्राची गोष्ट काढली तशी तिने पदर खोचला.

"कोणाचं पस्तान सोडायचं?"

"यशवंताचं."

"यशवंताचं माझ्या घरी कधी ठेवलं होतं? पिशवी हातात दिली तेव्हा मी विचारलं, देवापुढं ठेवायची, नाव काय सांगू रे? म्हणाला, गोदूचं सांग."

अण्णा म्हणाले, "दोघेही जाणार होते. तो सोबतीला होता."

"सोबतीच्याचं पस्तान ठेवत नाहीत, भाऊ. गाडीच्या बैलाचं ठेवतोस का?"

अकरा दिवसांत पहिल्यांदा आईच्या तोंडातून हसू निसटले आणि लगेच त्याचे रडे झाले. आत्या तिच्याजवळ सरकली. मग सावकाश, आवाज खाली घेऊन, तिने तो घाव घातला. "वहिनी, मुलीचं पस्तान बाहेर पडलंय. ते परत आणायचं की पाण्यात टाकायचं, तू सांग. मी नाही हात लावणार. एक गेलाय."

"दिवस टळून गेले की," अण्णा म्हणाले. "इतके दिवस प्रस्थान राहत नाही."

"सुतकात दिवस मोजत नसतात."

हे शास्त्रात आहे की आत्याच्या तोंडात, मी विचारले नाही. अण्णांनीही विचारले नाही. आयुष्यभर पंचांगाला हसल्यामुळे त्यांना ते वाचता येत नाही.

आईने डोळे पुसले. मग म्हणाली, "जाऊ दे तिला. ते घरात परत यायला नको."

दादा, मला ही वाट नको होती. मला पटवून द्यायचे होते. माझ्या शिक्षणावर, गरजेवर, त्या खेड्यांत अडून मरणाऱ्या बायांच्या संख्येवर माझा युक्तिवाद तयार होता. त्यातील एकही ओळ कामी आली नाही. मी सुटले ती आईच्या भीतीमुळे, आणि ती भीती खोडून काढण्यासाठी मी तोंड उघडले नाही. अण्णांनी अट घातलीच: पहिला महिना आत्याने बरोबर राहायचे. "मी बैलगाडीत बसेन," आत्या म्हणाली. "ती चाकांवर नाचत जाऊ दे पुढं." महिन्यानंतर काय, हे कोणी बोलले नाही. महिन्यानंतर वाट चिखलात असेल. मला परत आणायला तेथे कोणी येऊ शकणार नाही, आणि मलाही कोठे जाता येणार नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते आहे, एवढेच. तिची किल्ली माझ्या हाती असेल, हा फरक मी लहान मानत नाही.

पण तू माझे नाव का सांगितलेस? मी दोन शक्यता मांडल्या आहेत. एक: पिशवी मी भरली, म्हणून माझे नाव, सहज. दोन: तुला वर्षभर राहायचे नव्हतेच. मला पोहोचवून, अण्णांना चार बहाणे लिहून, तू परत येणार होतास आणि मला तेथे एकटी सोडणार होतास. जशी बांधावर सोडली होतीस, मी धरलेले समजत असताना. पहिली शक्यता अधिक संभवनीय आहे. दुसरी मला हवी आहे. पुरावा कोणत्याच बाजूला नाही, आणि जो साक्षीदार होता त्याला मी हे आता विचारते आहे.

आज सकाळी मी आत्याकडे आले. आगगाडी उद्या दादरहून सुटते. येताना तुझ्या पायगाडीजवळ थांबले. धाव पूर्ण बसली होती. मी झडपेचे टोपण घट्ट फिरवले. का, ते सांगता येणार नाही, आत राखण्यासारखे काही उरले नव्हते. मग तुझ्या पेटीतून तो जाड पाना घेतला. आई पाहत होती. "हे काय?" तिने विचारले. मी म्हणाले, "दादाचा आहे." तिने तो हातात घेतला, पदराने पुसला आणि परत दिला.

पिशवी आत्याच्या देवघरात खुंटीला टांगलेली होती. हळदकुंकू लावलेले, आत एक सुपारी. आत्याने बजावले, प्रस्थानातून काही काढायचे नाही.

"घालायचे असले तर?"

"घालायला कोणाची ना आहे?"

मी ती जमिनीवर ठेवून उघडली. चिंध्या तू गुंडाळल्यास तशाच होत्या. माझी तीन पौंडांची मर्यादा दोन गाड्यांसाठी होती, हे मला आता दिसते. दोघे असताना एकाचे हरवले तर दुसऱ्याकडे हात पुढे करता येतो. एकटीला हरवायला परवानगी नाही. तुझा प्रश्न रास्त होता. उत्तर देताना मी तुलाच दुसरा पाना म्हणून धरले होते, आणि ते मला माहीत नव्हते.

तुझा पाना चिंधीत गुंडाळून वरच्या बाजूला ठेवला. भर रस्त्यात उभ्याने लागेल असा. पट्टे आवळले. दवाखान्यासाठी घेतलेला तराजू सामानातून सोडवला आणि आत्याच्या ओटीवर टांगला. सुपारी काढून वजन करावे, असे एकदा मनात आले. काढली नाही.

चार पौंड, अडीच औंस.